शून्य नंबरच्या बाई

मुलाखतीत बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो रक्ताविषयी नव्हता, बोंबलाविषयी होता.

मी डहाणूची, अगदी किनाऱ्यावरची. वडील बोटीवर जायचे. आई मासळी विकते, वाणगावच्या बाजारात तिची बसायची जागा इतक्या वर्षांची आहे की दुसरं कुणी तिथं बसलं तर गिऱ्हाईकच त्याला उठवतं. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि काविळीवरच्या एका संशोधनासाठी माणसं हवीत असं कळलं म्हणून अर्ज घेऊन गेले होते. डहाणू रोडला एका गाळ्यात प्रयोगशाळा थाटली होती. टेबलामागे साठीच्या आसपासची एक बाई बसलेली, सुती साडी, आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. मी बघतच राहिले.

त्यांनी अर्ज वाचला. "मासळीवालीची मुलगी का?"

मला वाटलं, झालं, इथंही तेच. "हो," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

"मग सांग. वाळवलेला बोंबील परत ओलसर झाला असेल, तर हात न लावता कसा ओळखशील?"

"वासानं. आणि रंग मळकट पडतो. आणि विकणारी असला माल ढिगाच्या खाली दडवते, म्हणून आधी खालचाच मागायचा."

"उद्यापासून ये," बाई म्हणाल्या आणि अर्ज खणात टाकला. मार्कांचं काही विचारलंच नाही. मी मरमर करून पहिला वर्ग मिळवला होता, तो दाखवायची हौस तशीच राहिली.

बाई मोठ्या डॉक्टर होत्या. मुंबईत उभी हयात लिव्हरच्या रोग्यांत काढलेली. ज्या वयात त्यांच्या बरोबरीचे लोक स्वतःचे दवाखाने मुलांच्या हवाली करून फिरायला जातात, त्या वयात या आशागडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिल्या. कशासाठी, तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर 'ब' प्रकारची कावीळ किती घरांत ठाण मांडून बसली आहे ते शोधायला. ही कावीळ येते आणि जाते तशातली नाही. काही माणसांच्या रक्तात तिचा विषाणू वर्षानुवर्षं राहतो. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, माणूस भात लावतो, लग्नात नाचतो, आणि आत एखाद्या दिवशी लिव्हर सुजायला लागतं. हे 'एखाद्या दिवशी' कुणाच्या वाट्याला कधी येतं, तेच बाईंना शोधायचं होतं.

पाड्यावर गेलं की बाई पहिलं काम करायच्या ते म्हणजे पदर खोचून, ओट्यावर बसून स्वतःचा दंड पुढे करायच्या. "घे," मला म्हणायच्या. सगळ्यांदेखत मी त्यांचं रक्त काढायचं, बाटलीवर नंबर लिहायचा, शून्य. मग एक नंबरला कुणी यायला तयार व्हायचं. मला वाटायचं, हे लोकांची भीती घालवायला असणार. एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "भीती कसली? जे मी देत नाही ते मागायचा मला काय अधिकार?" त्यांच्या दोन्ही दंडांवर कायम निळे डाग असायचे. आणि नुसतं तेवढंच नाही. पुढच्या खेपेला सगळ्यांची उत्तरं द्यायला गेलो की पहिलं उत्तर शून्य नंबरचं, मोठ्यानं. "माझ्यात कावीळ नाही. साखर मात्र जास्त आलीय." मग पाड्यावरच्या बायका त्यांनाच ओरडायच्या, की मग चहात साखर कशाला घालून घेतेस? पाड्यावर सगळे सगळ्यांना अरेतुरेच करतात, बाईंनाही करायचे. मुंबईहून कुणी पाहुणा आला की त्याचा चेहरा कसानुसा व्हायचा. बाईंना मात्र ते फार आवडायचं.

उत्तर परत देणं, हा त्यांचा दुसरा हट्ट. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, मूठभर काहीतरी घालूनच द्यायची, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं. बाईंचं रक्ताच्या बाटलीबद्दल तेच. ज्याच्या घरून बाटली भरून आणली, त्याच्या घरी उत्तर घेऊन जायचं, चालत जायचं, आणि त्यालाच सांगायचं, चिठ्ठी शेजाऱ्याकडे देऊन यायचं नाही. मी दोन वर्षांत चपलांचे किती जोड झिजवले ते मलाच ठाऊक.

एकदा या हट्टापायी मी पार वेडी झाले. यादीत धर्मी म्हणून एक बाई होती, उत्तर द्यायची राहिलेली. मी तिला शोधत अख्खा पाडा पालथा घातला. भर उन्हात. जो तो म्हणतो, आमच्यात धर्मी नाही. कुणी म्हणालं, सासरी गेली असेल. कुणी म्हणालं, गुजरातेत कामाला गेली असेल. मी ओढा ओलांडून पलीकडच्या पाड्यावर गेले. परत आले तेव्हा माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. बाईंना म्हटलं, "ती धर्मी काही सापडत नाही."

बाई चहा गाळत होत्या. तशाच थांबल्या. "अगं, धर्मी नाहीच. ती मी आहे."

मग उलगडा झाला. बाई मला नकळत तपासत होत्या. एकाच माणसाचं रक्त दोन बाटल्यांत घालून दुसरीवर खोटं नाव टाकायच्या आणि मी दोन्हींचं उत्तर सारखंच काढते का ते बघायच्या. कधी मुद्दाम रॅकमधल्या दोन बाटल्यांच्या जागा बदलून ठेवायच्या आणि मला ते कळतं का, याची वाट बघायच्या. कमरेला खोचलेल्या एका छोट्या वहीत सगळं टिपायच्या. मला इतका संताप आला. "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"विश्वास लग्नात ठेवतात. इथे तपासतात," बाई म्हणाल्या. मग जरा वेळानं, "पण तुला उन्हात पिदडलं, ते चुकलं माझं. पुढच्या वेळी खोटा माणूस आशागडला राहणारा करीन." आणि चहाचा पहिला कप मला दिला. त्यांचा राग धरून ठेवणं फार अवघड होतं.

आता त्यांचा रागही सांगते. तो गुजरातीत यायचा. लहानपण सीमेच्या पलीकडे गेलेलं, शाळा गुजराती. त्या म्हणायच्या, मराठीत बोललं की माणसाला लागतं, गुजरातीत नुसतं ऐकू येतं. त्यामुळे यंत्र बंद पडलं, बर्फाची पेटी उशिरा आली, कुणी हातमोजे न घालता बाटली उचलली की गाळ्यातून गुजरातीचा पट्टा सुरू. बाजूचा किराणावाला मारवाडी हसत म्हणायचा, आज बाईंचा पारा चढलाय. कौतुक मात्र मराठीत, आणि ते एका शब्दाचं. 'ठीक.' त्याच्या वर पायरीच नव्हती. एका मोठ्या डॉक्टरांचं भाषण ऐकून आल्या होत्या, टाळ्यांचा कडकडाट झालेला म्हणे, तर मी विचारलं कसं झालं, तर म्हणाल्या, "बरं होतं. ठीक नव्हतं."

माझ्या आईशी त्यांचं फार जमलं. वाणगावच्या बाजारात जाऊन तिच्या बाजूला पाटावर बसायच्या आणि ती पापलेटचे कल्ले उचलून कशी बघते, डोळा कसा बघते, पोट दाबून कसं बघते, ते शिकून घ्यायच्या. मला म्हणाल्या, "तुझी आई तीन ठिकाणी तपासल्याशिवाय एक मासा घेत नाही. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना हे आलं नाही." आईनं हे किती जणींना सांगितलं असेल याची गणतीच नाही.

हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगितलं.

उधव्याच्या पुढे एका पाड्यावर दोन भाऊ एका घरात राहतात. त्यांची नावं मी बदलून सांगते. थोरला लाडक, धाकटा जान्या. लाडकची बायको रमी, आणि एक म्हातारी आई. दोघांही भावांच्या रक्तात विषाणू निघाला. थोरल्याचं लिव्हर सुजायला लागलं होतं, म्हणून त्याला रोज एक गोळी सुरू केली, जन्मभर घ्यायची. धाकट्याचं लिव्हर धड होतं, त्याला गोळीची गरज नव्हती. त्याचं रक्त नुसतं दर तीन महिन्यांनी बघायचं. आमच्या आरोग्यसेविका दर महिन्याला डबी द्यायला जायच्या, आणि जुनी डबी बरोबर वेळेवर रिकामी झालेली असायची. एक गोळी कमी नाही की जास्त नाही.

आणि माझ्या यंत्रावर भलतंच दिसायला लागलं. गोळी खाणाऱ्या लाडकचा विषाणू थोडा उतरला आणि मग चढायला लागला, सूजही वाढली. गोळी न खाणाऱ्या जान्याचा विषाणू आपोआप खाली. मी परत चाचणी केली. तेच. तीन महिन्यांनी नवीन रक्त आणलं. परत तेच.

मुंबईच्या मुख्य कार्यालयात सगळे आकडे जायचे. तिथून फोन आला, की या दोघांच्या बाटल्यांची अदलाबदल झालेली दिसते. मी म्हटलं, नाही झाली. ते म्हणाले, दुसरं काही कारण असूच शकत नाही. आणि मग फोनवर भागलं नाही म्हणून दोन साहेब स्वतः आले. एक पिकल्या केसांचे, ते काही बोलत नव्हते. दुसरा तरणा, लॅपटॉपवाला, तो सगळ्यांच्या वाटचं बोलत होता. वाईट माणूस नव्हता. पण त्याला सगळं ठाऊक होतं.

"मॅडम, हे दोन आयडी आपण एक्सक्लूड करू. डेटा क्लीन होईल," तो बाईंना म्हणाला. "आणि इथल्या सगळ्याच एंट्री परत चेक कराव्या लागतील. दुसरा टेक्निशियन पाठवतो आम्ही. लोकल स्टाफकडून असं होतं, ट्रेनिंग कमी पडतं."

मी तिथंच उभी होते, पाण्याचा ट्रे हातात. आमच्या घरात आजवर कुणी ताज्याखाली शिळं सरकवलं नाही. आईच्या जागेवर माणसं डोळे मिटून मासळी घेतात ती त्याच्यामुळे. आणि माझ्या नावावर अदलाबदल लागणार, ती पण कागदावर. नोकरी तर जाणारच होती, पण मला नोकरीचं एवढं वाटलं नाही. आईला काय तोंड दाखवू, तेच डोक्यात फिरत होतं.

बाईंनी कमरेची वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"या मुलीला पकडायला मी दोन वर्षं टपून बसलेय," त्या म्हणाल्या. "खोटी नावं घातली, बाटल्या फिरवल्या, एकाच्या दोन केल्या. सगळं यात आहे, तारखेनिशी. वाचा."

तरण्या साहेबानं पानं चाळली. "म्हणजे एकही चूक नाही?"

"आहे ना. एक आहे."

मला ठाऊक होतं कुठली ते. पहिल्याच वर्षी मी एका म्हाताऱ्याचं उत्तर खालच्या ओळीत लिहून बसले होते. संध्याकाळी टेबल पुसताना लक्षात आलं, तशी बस पकडून आशागडला गेले आणि रडत रडत बाईंना सांगितलं. त्या गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. "बरं. दुरुस्त कर," एवढंच म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधीच कळलं नव्हतं.

"ती चूक मी पकडलेली नाही," बाई साहेबांना सांगत होत्या. "मला ती सापडलीही नसती. हिनं येऊन सांगितली. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मी स्वतः किती वेळा असं जाऊन सांगितलंय ते मला विचारू नका."

मग पिकल्या केसांचे साहेब पहिल्यांदा बोलले. "मग हे आकडे?"

"मग हे आकडे खरे आहेत. खरे असले तर त्या घरात काहीतरी घडतंय, आणि ते आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही आकडा पुसलात तर तो माणूसही पुसाल. त्याची सूज दुप्पट झालीय. उद्या मी जाते."

साहेब पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला तयार झाले. ते गेल्यावर बाईंनी वही परत कमरेला खोचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. जेवणाच्या वेळेलाच जायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. "घरात काय चालतं ते चुलीपाशी कळतं," म्हणाल्या. लाडक ओट्यावर बसला होता आणि मी लांबूनच बघितलं, त्याचे डोळे पिवळे झाले होते. बाईंनी पण बघितलं. त्यांची चाल एकदम भरभर झाली.

त्यांनी त्याचं पोट तपासलं, पायांची सूज बघितली, त्याच्याशी बोलून बघितलं. त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं, गाडी सांगितली. गाडी यायला तास होता. रमी म्हणाली, तोवर जेवा. भात, सुकटीचं कालवण. आम्ही पंगतीला बसलो, म्हातारी, दोघं भाऊ, मी, आणि माझ्या बाजूला खाटेच्या कडेवर बाई. जेवण झालं. रमीनं फळीवरची डबी काढली, आमची, ओळखीची. एक गोळी काढली, विळीच्या पात्यावर ठेवली आणि अंगठ्यानं हलकेच दाबली. दोन सारखे तुकडे. हात बसलेला होता तिचा. एक तुकडा नवऱ्याच्या हातावर, एक दिराच्या हातावर. पात्याला चुरा चिकटला होता तो बोटावर घेऊन म्हातारीच्या जिभेला लावला.

माझ्या तोंडून काहीतरी निघणार, तेवढ्यात बाईंचा कॅनव्हासचा बूट माझ्या पावलावर जोरात पडला. जेवताना सुद्धा बूट काढले नव्हते त्यांनी. घरात यायच्या आधी झटकून पुसून घ्यायच्या, पण लेस सोडायला वाकलं की गुडघे दुखायचे म्हणून काढायच्या नाहीत, आणि पाड्यावर त्यांना ते माफ होतं.

"रमे, कधीपासून करतेस हे?" बाईंनी विचारलं. अगदी कालवणाची कृती विचारावी तसं.

"पैल्या दिसापून," रमी म्हणाली. "तूच सांगितलं ना, दोगांना एकच आजार हाय म्हणून. मग एकाच घरात एकाला वाढायचं नि दुसऱ्यानं बघत बसायचं, असं करतात काय?"

"आणि म्हातारीला? तिला तर आजार नाही."

"आजार नाय. पन ती बसली ना पंगतीला."

बाईंनी हातातलं ताट खाटेवर ठेवलं. मला वाटलं, आता गुजराती सुरू होणार. पण त्या मराठीतच बोलल्या, आणि आधी हात जोडले. "चूक माझी आहे, रमे. मी उत्तर दिलं, पण पुरतं दिलं नाही. एकाला गोळी का आणि दुसऱ्याला का नाही, ते सांगितलंच नाही मी तुम्हाला."

मग त्यांनी सांगितलं. तिकडे सगळीकडे गवताचा धंदा, गंजी काय असते ते पोराटोरांना ठाऊक. बाई म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या गंजीत चोर लपलाय. जान्याच्या गंजीत तो झोपलाय आणि राखणदार पण झोपलाय. लाडकच्या गंजीतला राखणदार जागा झाला आणि चोराला पकडायला त्यानं गंजीच पेटवली. चोर जाळत नाही रे, आपलाच राखणदार जाळतो. गोळी म्हणजे त्या आगीवरचं पाणी. तुम्ही अर्धी बादली जळत्या गंजीवर टाकलीत नि अर्धी न जळत्या गंजीवर."

मग जान्याचा चेहरा बदलला. त्यानं हातावरचा अर्धा तुकडा बघितला. अजून गिळला नव्हता. "म्हंजी त्याचं पानी मी पित व्हतो," तो म्हणाला. आणि तो धट्टाकट्टा गडी गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

लाडकनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मीच देत व्हतो," म्हणाला.

गाडी आली. इस्पितळात लाडक वीस-बावीस दिवस होता, मधले चार दिवस फार वाईट गेले. जान्या बाहेर व्हरांड्यात चटईवर. त्या चार दिवसांत बाई रोज जायच्या आणि परत येऊन कुणाशी बोलायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "हा गेला तर मी मारला म्हणून लिहायचं. रुग्णानं नियम मोडला असं कुणी लिहिलं तर मी तो कागद फाडीन." लाडक वाचला. पूर्ण गोळी रोज तोंडात गेल्यावर आग हळूहळू विझली.

पण तो घरी जाणार त्याच्या आदल्या दिवशी, इस्पितळातून परतताना गाडीत, मला शहाणपण सुचलं. मी बाईंना म्हटलं, "जान्याला एखादी ताकदीची गोळी देऊया का, नावाला? म्हणजे पंगतीत त्याच्याही हातावर काहीतरी पडेल, परत वाटणी व्हायची नाही."

"अक्कल चरवा गई छे?" बाईंनी सुरुवात केली ती डहाणू रोडचा पूल येईपर्यंत थांबल्या नाहीत. शेवटी मराठीत आल्या. "त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून दंड पुढे केला. त्या हातावर मी खोटी गोळी ठेवू?"

मग त्यांनी काय केलं, तर डबी लाडकच्या हातात दिलीच नाही. ती जान्याच्या हातात दिली. "घरात वाटणी व्हायलाच हवी ना? गोळी त्याची, वाढायची तू. रोज जेवणानंतर, तुझ्या हातानं, पूर्ण. हा तुझा वाटा." जान्यानं डबी दोन्ही हातांनी घेतली.

पुढच्या सहा महिन्यांत माझ्या यंत्रावर थोरल्याचा विषाणू सरळ उतरत गेला. धाकट्याचा होता तिथं परत आला, झोपलेल्या चोरासारखा. दोन्ही बाटल्या पहिल्यापासून जिथल्या तिथं होत्या. मुंबईचा तरणा साहेब त्यानंतर एकदा आला, गाळ्याच्या दारातच थांबला आणि मला म्हणाला, "ताई, सॉरी." मी त्याला आईकडचे दोन बोंबील बांधून दिले. खालचे नाही, वरचे. बाईंनी अहवालात लिहिलं, की घरात वाटून खाण्याची रीत आहे हे संशोधकांनी विचारलं नाही. कार्यालयानं ते वाक्य काढून बघितलं, बाईंनी परत घातलं. तीनदा. शेवटी राहिलं. आता प्रत्येक पाड्यावर आम्ही गोळी सुरू करायच्या आधी जेवून येतो.

बाईंचे गुडघे मग अगदीच गेले. आशागडच्या खोल्या सोडून त्या भावाकडे राहायला गेल्या, लांब. जाताना वही मला दिली. मी ती चूक शोधली. तिथं तारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं, 'स्वतः आली.' बाकी काही नाही. आता शून्य नंबरची बाटली माझी असते. आईला माझ्या दंडावरचे डाग दिसले की ती बाईंच्या नावानं बोटं मोडते आणि संध्याकाळी मला सुरमईचा तुकडा जास्त वाढते.

गेल्या महिन्यात जान्याचं रक्त आलं आणि मी यंत्रासमोर बसून राहिले. सूज. त्याची पण पेटली होती. अगदी सुरुवात होती, वेळेवर सापडली होती, पण पेटली होती. नव्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सेविका म्हणाली, मी देऊन येते डबी. मी म्हटलं, नाही, उत्तर माझं आहे.

जेवणाच्या वेळेलाच गेले. जान्यानं ऐकून घेतलं, जरा वेळ वर वाशांकडे बघितलं. बाटल्यांवरून झालेला घोळ त्याला बाईंकडून कळला होता. मग म्हणाला, "बाटल्या बदलल्या तर नाय ना गं तू?"

"आमच्या घरात बदलत नाहीत," मी म्हटलं. तो हसला, तेव्हा मला पण हसता आलं.

पंगत झाली. फळीवरून आता दोन डब्या निघाल्या. जान्यानं पहिल्या डबीतली गोळी काढून लाडकच्या हातावर ठेवली, रोजच्यासारखी. मग लाडकनं नव्या डबीचं झाकण उघडलं, त्याला ते नीट जमेना, नखानं काढलं, आणि एक अख्खी गोळी धाकट्याच्या हातावर ठेवली. दोघांनी एकदमच पाणी घेतलं. रमी बघत होती. विळी कोपऱ्यात भाजीच्या टोपलीपाशी पडलेली.

आणि म्हातारीनं हात पुढे केला. "नि माझं?"

रमीनं गुळाच्या डब्यातून खडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "हा गूळ हाय, आये. औषद नाय." हे ती रोज सांगत असावी. म्हातारीनं मान हलवली आणि खडा तोंडात टाकला.

पाड्याखाली सडकेवर रेंज येते. तिथं उभी राहून मी बाईंना फोन लावला. आवाज बारीक झालाय त्यांचा. जान्याचं सांगितलं, आकडे सांगितले. त्यांनी विचारलं, उत्तर कुणी दिलं? म्हटलं, मी. चालत गेलीस? चालत. गोळी कुणी कुणाला दिली ते पण सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि म्हातारीला?"

"गूळ. गूळ म्हणूनच दिला."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"ठीक," बाई म्हणाल्या.